लग्नावर आधारित ग्रीन कार्डचा इंटरव्ह्यू : ठरवून केलेलं लग्न अधिकाऱ्याला कसं सांगायचं?

प्राजक्त_एडिसन

नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

आमच्या ग्रीन कार्डच्या अर्जाची इंटरव्ह्यूची नोटीस आली. नेवार्क ऑफिस, पुढचा महिना. मी एच-१बीवर आहे. नवरा जन्मानं अमेरिकन, सासू-सासरे मूळचे सांगलीचे, इथे येऊन खूप वर्षं झाली. आमचं लग्न ठरवून झालं. माझ्या मावशीच्या नणंदेनं स्थळ सुचवलं, आधी दोघांच्या आया फोनवर बोलल्या, मग आम्ही. भेटलो, पटलं, घरी सांगितलं. मुहूर्त डिसेंबरचा निघाला, पण कागदपत्रांचं काम लवकर सुरू व्हावं म्हणून जुलैमध्येच इथे रजिस्टर लग्न करून घेतलं. डिसेंबरात पुण्याला कार्यालयात सगळं साग्रसंगीत.

अडचण अशी, की आम्ही सासू-सासऱ्यांच्या घरी राहतो. घर त्यांच्या नावावर, वीज-पाण्याची बिलं सासऱ्यांच्या नावावर. आमच्या नावावर ना लीज ना मॉर्टगेज. फोनसुद्धा सासऱ्यांच्या फॅमिली प्लॅनवर. मी आडनाव बदललेलं नाही. त्यात ऑफिसातली मैत्रीण म्हणते, अरेंज्ड मॅरेज म्हटलं की ह्यांच्या भुवया वर जातात, त्यापेक्षा ‘मित्राच्या पार्टीत भेटलो’ असं सांगून मोकळे व्हा. नवऱ्याला ते अजिबात पटलेलं नाही, आणि मला झोप नाही. ज्यांचं झालंय त्यांनी कृपया लिहा. काय विचारतात, काय न्यायचं, आणि लग्न कसं ठरलं ते कोणत्या शब्दांत सांगायचं?

कोयनाकाठ

पार्टीचं आधी डोक्यातून काढा. आत गेल्यावर पहिली गोष्ट म्हणजे उजवा हात वर करून खरं बोलण्याची शपथ. त्यानंतर ‘पार्टीत भेटलो’ म्हणालात की पुढचे प्रश्न येणारच. कोणाची पार्टी, तो मित्र लग्नाला होता का, फोटोत कुठे आहे. एका थापेसाठी दहा थापा कशाला? आणि ठरवून लग्न करणं अमेरिकन कायद्यात कुठेही निषिद्ध नाही. लग्न करताना दोघांना खरंच संसार करायचा होता की फक्त कार्ड काढायचं होतं, एवढंच त्यांना बघायचं असतं.

आमचं सांगतो. मी इथला नागरिक, बायको कराडची. ‘कसे भेटलात’ हा प्रश्न अधिकारी बाईंनी तिलाच विचारला. ती म्हणाली, आमच्याकडे घरचे ओळख करून देतात, ह्यांच्या आत्यानं माझा बायोडेटा ह्यांच्या आईला पाठवला. बाईंना बायोडेटा म्हणजे नोकरीच्या अर्जाचा वाटला. त्यात उंची, शिक्षण, गोत्र, मामाचं गाव, अपेक्षा असं सगळं असतं हे समजावण्यात बराच वेळ गेला. तो कागद भाषांतरासकट आमच्या फायलीत होताच, बाईंनी तो मागून घेतला आणि दोन वेळा वाचला. बाकी जाडजूड फायलीतली निम्मी पानं त्यांनी उलटलीसुद्धा नाहीत.

क्रम साधारण असा असतो. आधी ओळखपत्रं, शपथ, मग दोघांना एकत्र बसवून तुमच्या लग्नाबद्दल गप्पावजा प्रश्न, मग आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डच्या मुख्य फॉर्मवरचे हो-नाही प्रश्न एकेक करून. अटक झाली आहे का, कधी स्वतःला अमेरिकन नागरिक म्हणवलं आहे का, व्हिसाचे नियम मोडलेत का. हा शेवटचा भाग यांत्रिक वाटतो, पण खरं तर तोच जपून ऐकायचा. कंटाळून सगळ्याला ‘नो’ म्हणत सुटू नका.

टवाळ_कार्टं

बायोडेट्यात ‘घरकामाची आवड’ लिहिलं असेल तर तो खोटा पुरावा धरतात म्हणे.

(दिवे घ्या.)

नियमावली

मी वकील नाही, पण हे वाचन माझ्या आवडीचं आहे म्हणून थोडं नेमकं लिहितो.

प्राजक्त, तुमच्या बाबतीत कायद्याच्या दृष्टीनं लग्न जुलैमध्ये झालं. फॉर्मवर तीच तारीख असणार आणि असायला हवी. डिसेंबरचा सोहळा हा सोहळा. ‘लग्न कधी झालं’ म्हटल्यावर नवऱ्यानं जुलै सांगायचा आणि तुम्ही डिसेंबर, हे टाळा. पण दोघांनी मिळून ‘जुलैत रजिस्टर, डिसेंबरात पुण्याला विधी’ एवढं एका वाक्यात सांगून टाकलं की विषय संपतो. भारतीय जोडप्यांच्या दोन तारखा असतात हे त्या अधिकाऱ्यांना नवीन नाही.

तारखेला आणखी एक महत्त्व आहे. ग्रीन कार्ड मंजूर होईल त्या दिवशी कायदेशीर लग्नाला दोन वर्षं पूर्ण झालेली नसतील, तर कार्ड सशर्त मिळतं, दोन वर्षांचं. १९८६ साली खोट्या लग्नांना आळा घालणारा कायदा झाला तेव्हापासूनचा हा नियम आहे. कार्डाची मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ हा अर्ज दोघांनी मिळून करायचा, मग पक्कं कार्ड. ती दोन वर्षं जुलैपासून मोजायची, डिसेंबरपासून नाही.

आता पुरावे. नियमांत जी उदाहरणं दिली आहेत ती अशी : दोघांच्या नावावरची मालमत्ता, दोघांच्या नावाचं लीज, एकत्र केलेले आर्थिक व्यवहार, मुलांचे जन्मदाखले, तिसऱ्या व्यक्तींची प्रतिज्ञापत्रं, आणि ‘इतर कोणताही’ योग्य पुरावा. लोक ही यादी परीक्षेतल्या सक्तीच्या प्रश्नांसारखी वाचतात. तसं नाही. लग्न खरं असण्याची शक्यता खोटं असण्यापेक्षा जास्त आहे, एवढं पटवायचं असतं. मात्र पटवण्याची जबाबदारी तुमची, त्यांची नाही.

मेथीची_जुडी

लीज नसल्याचं टेन्शन घेऊ नकोस गं. आपल्याकडची अर्धी जोडपी पहिली काही वर्षं सासरीच असतात. आम्हीही होतो, क्वीन्सला.

सासऱ्यांकडून एक पत्र लिहून घे : ‘माझा मुलगा आणि सून अमुक तारखेपासून माझ्या घरात राहतात, भाडं घेत नाही’. सोबत घर त्यांच्या नावावर असल्याचा कागद, प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलाची प्रत चालेल. मग त्याच पत्त्यावरची तुम्हा दोघांची ड्रायव्हिंग लायसन्स, दोघांच्या नावानं वेगवेगळी येणारी टपाल, बँकेची, विम्याची, पगाराची. कारच्या विम्यात दोघांची नावं आहेत का ते बघ. नोकरीतल्या हेल्थ इन्शुरन्सवर कोणी कोणाला घेतलंय? ४०१-केचा, म्हणजे निवृत्तीच्या खात्याचा, वारस कोण? नवऱ्यानं अजून आईचंच नाव ठेवलं असेल, आपल्याकडच्या मुलांचं ते ठरलेलंच. बदलायला सांग.

टॅक्स दोघांचा एकत्र भरला असेल तर तो सगळ्यात वजनदार कागद. आयआरएसचं, म्हणजे टॅक्स खात्याचं, ट्रान्स्क्रिप्ट काढून ने.

जॉइंट खात्याबद्दल एक बोलते. इंटरव्ह्यूच्या तोंडावर उघडलेलं आणि त्यात एकरकमी पाच हजार पडून असलेलं खातं कोणालाच फसवत नाही. त्याउलट रोजच्या खर्चाचं खातं, त्यात पटेल ब्रदर्सची बिलं, कॉस्टको, कुणाच्या बारशाला दिलेला चेक, इंडियाला पाठवलेले पैसे, असं गिचमिड स्टेटमेंट असेल तर ते संसाराचं स्टेटमेंट असतं. फोटो थोडेच ने, पण मागे कोण कोण आहेत ते लिही. दोघांचेच हनिमूनचे पन्नास फोटो नेण्यापेक्षा आजे-सासूबाईंच्या पंचाहत्तरीचा एक फोटो बरा. महाराष्ट्र मंडळाची फॅमिली मेंबरशिपची पावतीसुद्धा आम्ही जोडली होती, हसू नका कोणी.

सुमनताई

प्राजक्ता, बाळ, मी अठ्ठ्याऐंशी साली या सगळ्यातून गेले आहे, तेव्हा तुझ्या पोटातला गोळा मला ओळखीचा आहे.

तू नाव बदललं नाहीस हे एका परीनं सोपं झालं. माझ्या लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं. तेव्हा सगळ्यांचंच लिहीत. माझं पहिलं नाव बदललं, मधलं वडिलांचं गेलं आणि ह्यांचं आलं, आडनाव बदललं. म्हणजे मॅट्रिकच्या दाखल्यावर एक बाई, लग्नाच्या दाखल्यावर तीच बाई पण धड नाही, आणि पासपोर्टावर भलतीच. अधिकाऱ्यानं तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि माझ्याकडे बघत राहिला. शेवटी ह्यांनी लग्नपत्रिका काढली, तिच्यावर ‘चि. सौ. कां.’च्या पुढे माहेरचं नाव होतं, आणि बरोबर प्रतिज्ञापत्र होतं म्हणून निभावलं.

हल्ली फॉर्ममध्येच आधी वापरलेली सगळी नावं विचारतात. ज्या ज्या मुली हे वाचत असतील त्यांनी माहेरचं, सासरचं, नुसत्या आद्याक्षरांचं, जे जे कुठल्या सरकारी कागदावर आलंय ते सगळं तिथे लिहावं. काही लपवायचं म्हणून कोणी गाळत नाही, आपल्याला ते ‘दुसरं नाव’ वाटतच नाही म्हणून राहून जातं. नाव गॅझेटमध्ये छापून बदललं असेल तर गॅझेटची प्रत ठेवा.

आणि जन्मदाखल्यात बाळाच्या नावाची जागा कोरी असते आपल्याकडे पुष्कळांची. ती आधी नगरपालिकेत जाऊन भरून घ्या, इथून फोनवर ते होत नाही.

लालभाई_कोथरूड

अवांतर वाटेल, पण खरंच अडलोय. त्या हो-नाही प्रश्नांत ‘कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होता का, किंवा त्याच्याशी संबंध होता का’ असा एक आहे. कॉलेजात असताना एका डाव्या विद्यार्थी संघटनेची पावती फाडली होती. दोन मोर्चे, एक पथनाट्य आणि बाकी कटिंग चहा. हे ‘होय’ मध्ये येतं का?

टवाळ_कार्टं

कॉम्रेड, मोर्च्यात घोषणा तरी पाठ होत्या का? नसतील तर सुटलात.

नियमावली

चेष्टा बाजूला ठेवून सांगतो. ही अट खरोखर कायद्यात आहे, शीतयुद्धाच्या काळातली, अजून काढलेली नाही. पण तिला अपवादही आहेत. वय सोळाच्या आत असताना घेतलेलं सभासदत्व, नोकरी किंवा रेशनसारख्या गरजेपोटी घेतलेलं, आणि अर्जाच्या किमान दोन वर्षं आधी संपलेलं, अशांना सवलत आहे. (पक्ष सत्तेवर असलेल्या एकपक्षीय देशांसाठी ही मुदत पाच वर्षांची आहे, ती तुम्हाला लागू नाही.) विद्यार्थी संघटना आणि पक्ष यांचा संबंध किती, हे तुमच्या संघटनेवर अवलंबून. एका बैठकीपुरता इमिग्रेशन वकील करा आणि उत्तर लेखी घेऊन ठेवा. सभासदत्वावर तोडगा निघू शकतो. शपथेवर दिलेलं खोटं ‘नाही’ नंतर उघडं पडलं तर तोडगा फार कठीण, आणि ते नागरिकत्वाच्या अर्जापर्यंत पाठलाग करतं.

दोघी_पावसात

मीही माझी भर घालते. मी कोल्हापूरची, माझी बायको सिअॅटलची. २६ जून २०१३ ला इथल्या सुप्रीम कोर्टानं विंडसर खटल्याचा निकाल दिला तेव्हापासून आमच्यासारख्या जोडप्यांना हाच मार्ग, हेच फॉर्म, हीच फी. लग्न जिथे झालं तिथल्या कायद्यानं वैध असलं की झालं. भारतात ते वैध नाही, ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं तो चेंडू संसदेकडे टोलवला. आमचं लग्न इथे कोर्टात झालं, त्यामुळे त्याची आडकाठी आली नाही.

आमची अडचण वेगळी होती. वर सगळे सांगताहेत ना, घरच्यांचे फोटो न्या, सासूबाईंचं पत्र न्या. माझ्याकडे यातलं काही नव्हतं. आई-बाबांना मी बायकोबद्दल सांगितलं होतं आणि त्यानंतर घरून फोन यायचा बंद झाला. अधिकाऱ्यानं विचारलंच, तुमच्या घरचं लग्नाला कोणी आलं होतं का? मी म्हटलं, नाही, त्यांना मान्य नाही. त्यानं मान डोलावली आणि पुढे गेला. माझ्या फायलीत काय होतं तर दोघींच्या नावाचं लीज, दोघींनी एकमेकींच्या नावानं केलेली मृत्युपत्रं, हॉस्पिटलात आपत्कालीन संपर्क म्हणून दिलेली नावं, आणि तिच्या आईनं लिहिलेलं पत्र, ज्यात मी त्यांच्याकडे थँक्सगिव्हिंगला पुरणपोळ्या करते असं होतं. घरच्यांचा पुरावा नसला म्हणजे लग्नाचा पुरावा नाही असं होत नाही. माहेर तुटलेल्या इतरही मुली वाचत असतील, आंतरजातीय लग्न करून आलेल्या, म्हणून लिहिलं.

कोयनाकाठ

दोघी_पावसात, हे लिहिल्याबद्दल खूप आभार.

धास्तावलेला

इंटरव्ह्यूत नवरा-बायकोला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून तेच प्रश्न विचारतात म्हणे. टूथब्रशचा रंग, पलंगाची बाजू वगैरे. आम्ही दोघं रोज रात्री जेवण झाल्यावर एकमेकांची परीक्षा घेतो. ती म्हणते माझ्या गाडीच्या टायरची साइज तिला पाठ आहे. मला तिच्या चारही मावश्यांची नावं अजून येत नाहीत.

नियमावली

त्याला स्टोक्स इंटरव्ह्यू म्हणतात, न्यूयॉर्कमधल्या १९७०च्या दशकातल्या एका खटल्यावरून. सगळ्यांचा होत नाही. पहिल्या भेटीत काही खटकलं, पत्ते जुळले नाहीत, आधीच्या लग्नांचा गुंता असला, तर होतो. तिथे खरोखर दोघांना वेगळं करून तेच प्रश्न विचारतात आणि उत्तरं ताडून बघतात. पण फरक निघाला तर त्याचा खुलासा करायची संधी मिळते.

आणि कृपा करून पाठांतर थांबवा. खऱ्या नवरा-बायकोला सगळं माहीत नसतं, हे अधिकाऱ्याला घरच्या अनुभवावरून चांगलं ठाऊक आहे. ‘आठवत नाही’ हे पूर्ण आणि प्रामाणिक उत्तर आहे. टायरची साइज घडाघडा सांगणाऱ्या बाईबद्दल मला तरी उलट शंका येईल.

खोट्या लग्नाला शिक्षा मात्र गंभीर आहे, हेही इथे लिहून ठेवतो, कारण ‘पैसे देऊन कागदी लग्न’ सुचवणारे महाभाग आपल्यातही भेटतात. पाच वर्षांपर्यंत कैद, अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. शिवाय एकदा तो शिक्का बसला की पुढे खरोखर कोणाशी लग्न केलं तरी त्या जोडीदाराचा तुमच्यासाठीचा अर्ज मंजूर होत नाही. कायमचा.

साधा_माणूस_डॅलस

बायकोचं इंग्रजी कच्चं आहे. लातूर जिल्ह्यातल्या खेड्यातली, मराठी माध्यम. मी भाषांतर करून दिलं तर चालेल का?

मेथीची_जुडी

तुम्ही नाही हो, तुम्ही स्वतःच अर्जदार. बाहेरचा दुभाषा न्या, वय अठराच्या वर, मराठी-इंग्रजी दोन्ही पक्कं, शक्यतो नात्यातला नको. त्याला ओळखपत्र आणायला सांगा, जी-१२५६ नावाचा एक फॉर्म तिथेच अधिकाऱ्यासमोर सह्या करून द्यायचा असतो. आणि त्याला आधीच बजावा, बाई जे बोलेल तेवढंच सांगायचं. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी ‘ती लाजते आहे’ असं स्वतःचं मतही भाषांतरात घातलं होतं.

कागद मराठीत असतील, ग्रामपंचायतीचा जन्मदाखला वगैरे, तर संपूर्ण इंग्रजी भाषांतर हवं आणि भाषांतरकाराची सही : मला दोन्ही भाषा येतात, भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे. नोटरीची गरज नाही.

नाव_नको

हा आयडी आजच काढला आहे. इथे विचारू की नको असं खूप झालं.

माझाही अर्ज चालू आहे. नवरा नागरिक आहे. भांडण झालं की म्हणतो, एक फोन करून तुझा अर्ज मागे घेतो, मग जा परत. माझा पासपोर्ट त्याच्याकडे असतो. हात उचलतो तेव्हाही हेच ऐकवतो. इंटरव्ह्यूला मी त्याच्या शेजारी बसून सगळं छान आहे असं सांगायचं का? घरी कोणाला माहीत नाही.

सुमनताई

अगं लेकी, आधी तू सुरक्षित आहेस का ते बघ. जीवावर बेतेल असं वाटलं तर ९११ फिरवायचा, तिथे व्हिसा विचारायला बसत नाहीत. तू कुठे राहतेस माहीत नाही, पण न्यू जर्सीत ‘मानवी’ आहे, १९८५ पासून आपल्याकडच्या बायकांसाठीच काम करतात. न्यूयॉर्कला ‘सखी’ आहे. त्यांच्याकडे या सगळ्याची माहिती असलेली माणसं आहेत. दुसऱ्या फोनवरून बोल, आणि हा धागा वाचून झाला की हिस्टरी पुसून टाक.

नियमावली

अर्ज मंजूर होण्याआधी तो त्याची आय-१३०, म्हणजे त्यानं जोडीदार म्हणून तुमच्यासाठी केलेली मागणी, मागे घेऊ शकतो, ही त्याची धमकी अर्धी खरी आहे. उरलेलं अर्धं तो सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डधारकाच्या छळाला तोंड देणाऱ्या जोडीदाराला स्वतःचा स्वतंत्र अर्ज करता येतो. आय-३६० हा फॉर्म, व्हॉवा या महिलांवरील हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखाली. त्याला नवऱ्याची सही लागत नाही, आणि त्या अर्जाबद्दल नवऱ्याला काहीही कळवायला सरकारला कायद्यानं बंदी आहे. नाव ‘महिलां’च्या कायद्याचं असलं तरी पुरुषही करू शकतात. सशर्त कार्ड हातात आल्यानंतर तर तो ते काढून घेऊच शकत नाही. आय-७५१वर त्यानं सही नाकारली तर घटस्फोटाच्या किंवा छळाच्या कारणावरून एकटीनं अर्ज करायची तरतूद आहे.

शपथेवर ‘सगळं छान आहे’ म्हणण्याआधी वकिलाशी बोला, एकटीनं, त्याच्या वकिलाशी नव्हे. संस्थांमार्फत बऱ्याचदा फुकट मिळतो.

दोघी_पावसात

नाव_नको, तुला व्यक्तिगत निरोप पाठवला आहे. सवडीनं बघ.

धास्तावलेला

अजून एक. माझा व्हिसा मध्यंतरी संपला होता, बायको नागरिक आहे. नागरिकाच्या जोडीदाराला ते माफ असतं असं सगळीकडे वाचलं होतं. पण आता इंटरव्ह्यूलाच पकडतात असं ऐकतोय. जाऊ का नको?

नियमावली

नागरिकाचा जोडीदार असाल, आणि देशात येताना रीतसर तपासणी होऊन व्हिसावर आला असाल, तर मुदत उलटल्यामुळे इथल्या इथे ग्रीन कार्ड मिळण्यात आडकाठी येत नाही. तो कायदा बदललेला नाही. वातावरण मात्र बदललंय. १ ऑगस्ट २०२५च्या सूचनांत स्पष्ट म्हटलंय की नुसता कौटुंबिक अर्ज प्रलंबित असणं म्हणजे इथे राहण्याचा दर्जा नव्हे. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सॅन डिएगोत व्हिसा उलटलेल्या काही जोडीदारांना इंटरव्ह्यूच्या जागीच ताब्यात घेतल्याच्या बातम्या आल्या होत्या. न जाणं हा उपाय नाही, गैरहजर राहिलात तर अर्ज सोडून दिला असं धरून फेटाळतात. वकील बरोबर घेऊन जा, त्याची जी-२८, म्हणजे तो तुमचा वकील असल्याचा फॉर्म, आधीच दाखल करा, आणि त्याचा नंबर बायकोजवळ कागदावर लिहिलेला असू द्या, नुसता फोनमध्ये नको. पूर्वी मी लोकांना साध्या केसला वकील नको म्हणायचो. तुमच्यासारख्या केसला आता तसं म्हणणार नाही.

प्राजक्तला हे लागू नाही, तिचा एच-१बी चालू आहे. तो चालूच ठेव गं, नोकरीही आणि दर्जाही. शिवाय एच-१बीवर असताना वैध व्हिसावर पुण्याला जाऊन आलीस तरी आय-४८५ सोडून दिल्याचं धरत नाहीत. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावाल्यांनी मात्र अॅडव्हान्स पॅरोल (परत येण्याची आगाऊ परवानगी) हातात आल्याशिवाय विमानात पाऊल ठेवू नये.

प्राजक्त_एडिसन

मंडळी, इंटरव्ह्यू झाला! सविस्तर लिहिते, पुढच्यांना उपयोग होईल.

आत विमानतळासारखी तपासणी, मग वेटिंग रूम. आमच्याआधी एक जोडपं अल्बम घेऊन बसलं होतं, लेसची झालर लावलेला. आमची फाइल बघून मला उगीच न्यूनगंड आला. अधिकारी पन्नाशीचे गृहस्थ, फार बोलणारे नाहीत. शपथ, नावं, जन्मतारखा, पत्ता. मग नवऱ्याकडे वळून, ‘कसे भेटलात?’

त्यानं मावशीची नणंद सांगितली. अधिकारी म्हणाले, म्हणजे कोण, नीट सांगा. ते नातं इंग्रजीत सांगताना त्याची जी तारांबळ उडाली, की शेवटी मी कागदावर झाड काढून दाखवलं. मग मला विचारलं, तुम्ही हो कधी म्हणालात, आणि नाही म्हणता आलं असतं का? हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. मी म्हटलं, त्याआधी दोन स्थळांना नाही म्हटलं होतं. ते त्यांनी लिहून घेतलं. माझ्या मते आमची केस तिथेच सुटली, कारण त्यानंतर आवाज बदलला.

तारखा दोघांनी सारख्याच सांगितल्या. ‘वाढदिवस कुठल्या तारखेला साजरा करता?’ म्हणाले. लग्नाचा. मी डिसेंबर म्हटलं, नवरा म्हणाला दोन्ही, कारण एक विसरलं तर दुसरा हाताशी असतो. घरात कोण कोण राहतं, बेडरूम किती, सकाळी आधी कोण बाहेर पडतं, मागच्या शनिवारी काय केलंत. (सासूबाईंच्या मैत्रिणीकडे सत्यनारायण. तेही समजावलं.) सासऱ्यांचं पत्र आणि प्रॉपर्टी टॅक्सचं बिल त्यांनी स्वतःहून मागितलं, मेथीची_जुडी, तुझ्या पायाशी लोटांगण. बायोडेटा मात्र बघितलाही नाही. हो-नाही प्रश्नांत एका जुन्या स्पीडिंग तिकिटाचं मी सांगितलं, दंड भरल्याची पावती दाखवली, पुढे गेले. फॉर्मवर नोकरीचा पत्ता बदलला होता तो दुरुस्त करून शेजारी सही घेतली.

त्याच दिवशी निकाल सांगितला नाही, ‘रिव्ह्यू’ म्हणाले. आज ऑनलाइन मंजूर दिसतंय. दोन वर्षांचं कार्ड, नियमावलींनी सांगितल्याप्रमाणेच.

मेथीची_जुडी

अभिनंदन गं! पार्टी पाहिजे. खरीखुरी, कुठल्या मित्राची नाही.

नियमावली

अभिनंदन. कार्ड आलं की त्यावर सीआर-६, हा सशर्त कार्डाचा कोड, आहे ना आणि मुदतीची तारीख काय आहे ते बघा, आणि त्याच्या ९० दिवस आधीची तारीख आत्ताच कॅलेंडरात टाका. तोपर्यंत सगळी बिलं, टॅक्स, प्रवासाची तिकिटं एका फोल्डरमध्ये साठवत राहा. आय-७५१ प्रलंबित असताना कार्डाची मुदत पावतीवरच ४८ महिने वाढवून मिळते, त्यामुळे उशीर झाला तरी घाबरू नका. आणि नागरिकाशी संसार चालू असेल तर नागरिकत्वाचा अर्ज पाचऐवजी तीन वर्षांनी करता येतो. ही तीन वर्षं सशर्त कार्डाच्या तारखेपासून मोजतात.

गोदाकाठची_रेवती

अभिनंदन प्राजक्त! मी नाशिकला आहे, नवरा ह्यूस्टनला, नागरिक. आमचं मुंबईतून होणार. तिथेही दोघांना बोलावतात का? नवऱ्याला सुट्टी मिळणं अवघड आहे.

कोयनाकाठ

माझ्या भावाच्या बायकोचं तसंच झालं. मुंबईत, बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये, फक्त अर्जदार जाते, नवऱ्यानं यायची गरज नाही. आय-१३० मंजूर झाली की फाइल नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते, तिथे डीएस-२६० हा व्हिसाचा अर्ज भरायचा, नवऱ्यानं आय-८६४, म्हणजे बायकोच्या खर्चाची हमी, द्यायची. त्याचं उत्पन्न कुटुंबाच्या आकारानुसार ठरलेल्या गरिबीरेषेच्या १२५ टक्के तरी हवं, कमी पडलं तर दुसरा कोणी सहप्रायोजक चालतो. ती सही साधी समजू नका, घटस्फोटानंतरसुद्धा ती जबाबदारी संपत नाही. मग पासपोर्ट ऑफिसातून पोलीस क्लिअरन्स, ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच मेडिकल, आणि सगळे दाखले मूळ प्रतीत. इंटरव्ह्यू खिडकीपाशी उभ्यानं होतो, इथल्यापेक्षा आटोपशीर.

एक बघा. लग्नाला दोन वर्षं व्हायला थोडेच दिवस उरले असतील आणि व्हिसाची मुदत पुरत असेल, तर दुसरा वाढदिवस उलटल्यावर अमेरिकेत या. विमानतळावर अधिकाऱ्याला तारीख दाखवा, थेट दहा वर्षांचं कार्ड मिळतं आणि आय-७५१ टळतो. तुमचं लग्न कधीचं?

गोदाकाठची_रेवती

फेब्रुवारीत दोन वर्षं होतील. व्हिसा जानेवारीत मिळाला तर थांबतेच मग. सासूबाईंना सांगते, संक्रांत इथेच करू.